क्लच नवा टाकूनही पुन्हा तेच? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे तपासा

नीट चालवलेल्या छोट्या पेट्रोल गाडीची क्लच प्लेट ६०-७० हजार किलोमीटर सहज जाते. तीच गाडी वर्षभरात दुसऱ्यांदा क्लचसाठी गॅरेजात आली, की मी प्लेटचा विचार सगळ्यात शेवटी करतो. पहिली प्लेट ज्या कारणाने गेली ते कारण बहुतेक वेळा गाडीतच राहिलेलं असतं, आणि नवी प्लेटही त्याच कारणाने जाते. माझं काम कोकणात, म्हणजे घाट, चार महिन्यांचा पाऊस आणि गंज. अशा न कळणाऱ्या क्लचच्या तक्रारी इथे वरचेवर येतात, आणि त्यातूनच खालचा क्रम बसला आहे. फुकटच्या तपासण्या आधी, स्वस्तातल्या मग, आणि गिअरबॉक्स उतरवणं अगदी शेवटी.

मारुती ८०० किंवा जुनी अल्टो यांसारख्या केबलवर चालणाऱ्या क्लचबद्दल जास्त लिहिलं आहे. हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी फ्लुइडच्या दाबावर चालणाऱ्या क्लचचा भाग पुढे वेगळा आहे. एएमटी, म्हणजे क्लचचं पेडल नसलेल्या गाडीत प्लेट तशीच असते, पण ती दाबण्या-सोडण्याचं काम यंत्र करतं. तिथे स्कॅनरशिवाय (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) हात घालू नका.

लक्षणं

आधी नेमकं काय होतंय ते ठरवा. "क्लच गेला" म्हणून गॅरेजात सांगितलं की नवा सेट पडतो, आणि लक्षण कोणी विचारतच नाही.

- इंजिन चालू असताना गिअर पडत नाही, किंवा करकरत पडतो. प्लेट इंजिनापासून पूर्ण वेगळी होत नाही, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही.
- इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने पळत नाही. चढावर आणि वरच्या गिअरला हे आधी कळतं. क्लच स्लिप होतोय, म्हणजे प्लेट घसरते आहे.
- गाडी जागेवरून उचलताना सगळी थरथरते.
- पेडल दिवसेंदिवस जड होतं, किंवा खाली जाऊन तिथेच राहतं.
- पेडल दाबल्यावर घरघर येते, किंवा उलट, सोडल्यावर येते आणि दाबल्यावर थांबते.

या नेहमीच्या तक्रारी झाल्या. खालच्या तक्रारी दिसल्या तर मात्र सरळ क्लच सेट टाकायला होकार देऊ नका:

- केबल बदलली की काही महिने बरं, मग पुन्हा जड.
- सकाळी क्लच ठणठणीत, तासभर चालवल्यावर स्लिप, आणि गाडी थंड झाली की पुन्हा ठीक.
- सिग्नलला पेडल दाबून धरलंय, तरी थोड्या वेळाने गाडी आपोआप पुढे सरकते.
- गाडी महिना-दोन महिने उभी होती, आणि आता गिअरच पडत नाही.
- केबलचा ताण कमी-जास्त करायच्या ॲडजस्टिंग नटाचे आटे संपले, पण प्लेट तर नवी आहे.

पायाखालची मॅट

गाडीत बसा, सीट मागे घ्या, टॉर्च मारून पेडलच्या मागे बघा. उंच कडांच्या जाड रबरी मॅट हल्ली सगळे टाकतात. पेडलच्या मागे मॅटची घडी आली तर पेडल दोन-तीन सेंटिमीटर आधीच अडतं आणि क्लच पूर्ण सुटत नाही. मॅट बाहेर काढून एकदा गाडी चालवून बघा. यात खर्च शून्य, आणि ही तपासणी न केल्यामुळे गिअरबॉक्स उतरवलेल्या गाड्या माझ्याकडे आल्या आहेत.

दोष क्लचचा आहे की गिअरचा

इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद इंजिनातही गिअर अडत असतील तर क्लचचा विषय तिथेच संपला. गिअर लिव्हरची जोडणी किंवा तिचे बुश बघा.

बंद असताना गिअर अलगद पडतात आणि चालू असताना अडतात, तर दुसरी चाचणी. इंजिन आयडलला ठेवा, क्लच तळापर्यंत दाबा, पाच आकडे मोजा आणि रिव्हर्स टाका. बहुतेक छोट्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअर आवाज न करता जुळवणारी कडी) नसतो. क्लच सुटलेला असेल तर या पाच आकड्यांत गिअरबॉक्सचा आतला शाफ्ट थांबतो आणि गिअर आवाज न करता पडतो. करकरला, तर प्लेट अजून कुठेतरी घासते आहे. रिव्हर्स शांतपणे पडतो आणि फक्त दुसरा किंवा तिसराच करकरतो, तर तो त्या गिअरचा सिंक्रो आहे. त्यासाठी क्लच बदलून काही उपयोग नाही.

स्लिपचीही अशीच खात्री करा. मोकळ्या सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरला ३०-४० च्या वेगात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिन एकदम ओरडलं आणि वेग तेवढाच राहिला, तर स्लिप. इंजिनही ओरडत नाही आणि गाडीही ओढत नाही, तर दोष क्लचचा नाही. हँडब्रेक अडकून चाकं धरलेली असतील किंवा इंजिनाला पिकअप नसेल. थोडं चालवून थांबा आणि चारही चाकांजवळ हात न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलेलं असेल तर ब्रेक उघडा. सीएनजीवर ओढत नाही आणि पेट्रोलवर ओढते, तर गॅस किटचं ट्यूनिंग बघा.

हँडब्रेक ओढून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडतं का ते बघायचं, ही चाचणी पुष्कळ जण करतात. करायचीच तर एकदाच करा. आधीच स्लिप होणारी प्लेट त्यात आणखी जळते.

पेडलचा प्ले कोणत्या बाजूने बदलतोय

सगळ्या पोस्टमधलं एवढं एकच लक्षात राहिलं तरी चालेल. पेडल हाताने हलकेच दाबा. सुरुवातीला ते मोकळं जातं, मग जड लागतं. तो मोकळा भाग म्हणजे प्ले. केबलच्या छोट्या गाड्यांत तो साधारण १५ ते २५ मिलिमीटर असतो; तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. पट्टी लावून मोजा आणि लिहून ठेवा.

क्लच प्लेटला दाबून धरते ती प्रेशर प्लेट; तिच्या चपट्या डायफ्रॅम स्प्रिंगला बोटं असतात, आणि पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग ती बोटं ढकलतं. प्लेट झिजते तसा या बोटांचा आतला भाग रिलीज बेअरिंगकडे सरकतो. म्हणजे प्लेट झिजली की प्ले कमी होतो. प्ले संपला की बेअरिंग बोटांवर कायम टेकून राहतं, पाय पेडलवर नसतानाही क्लच थोडा दाबलेलाच राहतो, आणि स्लिप सुरू होते. नट थोडा ढिला करून प्ले परत दिला की बरीच गाडी सुधारते. पाच मिनिटांचं काम आहे.

पण तुमचा प्ले वाढत असेल, दर महिन्याला नट आवळावा लागत असेल, तर ते प्लेटच्या झिजेचं लक्षण नाही. पेडलपासून फोर्कपर्यंतच्या (रिलीज बेअरिंग ढकलणारा काटा) रस्त्यात काहीतरी ताणलं जातंय, वाकतंय किंवा तुटतंय: केबलचे तार, केबल टेकते तो पत्रा, पेडलचं ब्रॅकेट, फोर्क ज्यावर फिरतो त्या रिलीज शाफ्टचे बुश किंवा खुद्द फोर्क. नवी प्लेट टाकून यातलं काहीच सुटत नाही, आणि नट मात्र आट्यांच्या टोकाला जाऊन बसतो.

केबल

बॉनेट उघडा, कोणाला तरी पेडल दाबायला सांगा आणि केबलची दोन्ही टोकं बघा. टोकाजवळ एखादा तार सुटून वर आलेला दिसला तर केबल बदला, वाट बघू नका. उरलेले तार एकेक करून तुटतात आणि शेवटचा बहुधा घाटातच जातो. केबलचं बाहेरचं आवरण एक्झॉस्टला टेकलंय का, कुठे काटकोनात वळलंय का, हेही बघा. नवी केबल चुकीच्या बाजूने ओढली तर ती पहिल्या दिवसापासून जड चालते.

केबल गिअरबॉक्सच्या बाजूने सोडवा आणि आतला तार हाताने पुढे-मागे करा. तो मोकळा चालला पाहिजे. तार मोकळा आणि तरीही पेडल जड, तर जडपणा प्रेशर प्लेटमध्ये किंवा रिलीज शाफ्टमध्ये आहे. आत नायलॉनचं अस्तर असलेल्या केबलमध्ये तेल सोडू नका. काही दिवस बरं वाटतं, मग त्यात धूळ बसून तार आणखी जड होतो.

केबल पुन्हा पुन्हा जाते? इंजिनाचं अर्थिंग बघा

गॅरेजांत हे सगळ्यात जास्त वेळा सुटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटवर बसवलेले असतात, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तोडलेले. स्टार्टर फिरताना शंभर अँपियरच्या आसपास करंट इंजिनातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायचा असतो, आणि त्यासाठी एक जाड अर्थ वायर किंवा विणलेली पट्टी दिलेली असते. बरेचदा ती गिअरबॉक्सच्या बोल्टखालीच असते. पावसाळ्यात तिचं टोक गंजतं. किंवा गिअरबॉक्स उतरवताना ती सोडतात आणि चढवताना चिखल-गंज न पुसता तशीच लावतात, कधी लावायचीच राहते.

मग करंट दुसरा रस्ता शोधतो. इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये धातूचं आणखी काय आहे? क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल. प्रत्येक स्टार्टला तो बारीक तार तापतो, आतलं नायलॉन मऊ होऊन तार धरायला लागतं, आणि पेडल जड होतं. केबल बदलली की नव्या केबलचंही तेच होतं. सेल मारताना इंजिन जड फिरतं म्हणून मध्ये कोणीतरी बॅटरीही बदलून घेतं.

तपासायला मल्टिमीटर पुरतो. २० व्होल्ट डीसीवर ठेवा, एक टोक इंजिनाच्या रंग नसलेल्या उघड्या धातूवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, आणि दुसऱ्या कोणालातरी सेल मारायला सांगा. त्या क्षणी आकडा ०.२-०.३ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थ चांगलं. अर्धा व्होल्ट किंवा वर गेला तर वायर काढा, दोन्ही टोकं आणि खालची जागा पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासा, घट्ट लावा आणि पुन्हा मोजा. मल्टिमीटर नसेल तर जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनाला लावून सेल मारा. इंजिन एकदम हलकं फिरायला लागलं तर दोष सापडला. केबल मात्र आता बदलावीच लागते. वितळलेलं अस्तर सुधारत नाही.

पत्रा आणि ब्रॅकेट

केबलचं बाहेरचं आवरण जिथे फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला टेकतं त्या जागी नजर ठेवा आणि पेडल दाबायला सांगा. पत्रा पेडलबरोबर आत-बाहेर होताना डोळ्यांना दिसला, तर तुमच्या पायाचा जोर पत्रा वाकवण्यात जातोय. समुद्राकाठच्या जुन्या गाड्यांत तिथे गंज धरतो आणि वेल्डिंगचे टाके सुटतात. गाडीच्या आत, पेडल जिथे टांगलेलं असतं ते ब्रॅकेट आणि त्याचा बुशही हलवून बघा. चीर दिसली तर गाडी चालवू नका, कारण अनेक गाड्यांत ब्रेकचं पेडलही त्याच ब्रॅकेटवर असतं. इथे घरगुती वेल्डिंग नको. बॉडीचं काम करणाऱ्या चांगल्या कारागिराकडेच न्या, आणि वेल्डिंगआधी बॅटरी सोडायला सांगा.

थरथर येत असेल तर माउंट

बॉनेट उघडं ठेवून बाजूला उभे राहा, गाडीच्या समोर नको. ओळखीच्या माणसाला ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच जेमतेम धरेपर्यंत सोडायला सांगा. इंजिन किंचित झुकणार, ते साहजिक आहे. पण उडी मारल्यासारखं वर आलं तर माउंटचं रबर फाटलंय. इंजिन हललं की केबलचा ताण बदलतो, क्लच स्वतःहून धरतो-सोडतो, आणि गाडी थरथरते. माउंट वरून बदलता येतं. माउंट ठीक असूनही थरथर असेल तरच आत, म्हणजे फ्लायव्हीलकडे (क्लच प्लेट ज्याला टेकते ते इंजिनाचं जड चाक) किंवा प्लेटवर आलेल्या तेलाकडे बोट जातं.

हायड्रॉलिक क्लच असेल तर

आधी फ्लुइडची पातळी बघा. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांची टाकी एकच असते. पातळी उतरली असेल तर तो ब्रेकचाही प्रश्न समजा. मग पेडलच्या वर, फ्लुइड ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या रबरी टोपीला बोट लावा, आणि त्या दाबाने क्लच दाबणाऱ्या, गिअरबॉक्सवरच्या स्लेव्ह सिलिंडरच्या टोपीलाही. ओलं लागलं तर सील गेलं. काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत असतो. तो गळत असेल तर बाहेर हात लावायला काही सापडत नाही, फक्त बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीचं गिअरबॉक्सचं कवच) तळाशी ओल दिसते.

सिग्नलला पेडल दाबून धरल्यावर गाडी सरकते, बाहेर मात्र एक थेंब नाही: मास्टर सिलिंडरचं आतलं सील फ्लुइड मागे सोडतंय. पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर क्लच सुटतो: हवा आहे किंवा सील अर्धं गेलंय.

आता गरम झाल्यावरच होणारी स्लिप. पेडल पूर्ण सोडल्यावर मास्टर सिलिंडरमधलं बारीक छिद्र उघडं राहिलं पाहिजे, म्हणजे तापून फुगलेलं फ्लुइड टाकीत परत जातं. पेडलपासून मास्टर सिलिंडरमध्ये जाणाऱ्या पुशरॉडला अजिबात प्ले ठेवला नाही तर ते छिद्र बंद राहतं, आत दाब साठतो, आणि कोणी पेडलला हात न लावताही क्लच दाबला जातो. स्लिप सुरू असतानाच गाडी बाजूला घेऊन स्लेव्हचा ब्लीड निपल (हवा काढायची तोटी) क्षणभर उघडा. फ्लुइडची चिळकांडी उडाली आणि स्लिप थांबली, तर प्लेट निर्दोष आहे. आतून फुगलेला रबरी पाइपही असाच दाब अडवतो. फ्लुइड गरम असतं, डोळे सांभाळा, आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. ते रंग खातं.

उभ्या गाडीचा क्लच

२०२० च्या लॉकडाउननंतर अशा गाड्यांची रांग लागली होती, आणि दर पावसाळ्यानंतर थोड्याफार येतातच. दमट हवेत फ्लायव्हीलवर गंज धरतो आणि प्लेट त्याला चिकटते. पेडल नेहमीसारखं, प्ले बरोबर, केबल बरोबर, पण इंजिन चालू असताना एकही गिअर पडत नाही.

इंजिन न्यूट्रलला दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा आणि बंद करा. समोर माणूस-भिंत काही नाही अशा मोकळ्या सपाट जागी दुसरा गिअर टाका, क्लच तळापर्यंत दाबा आणि सेल मारा. गाडी चालायला लागेल, तयार राहा. क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर हलकेच दाबा आणि सोडा. बहुतेक वेळा प्लेट एका झटक्यात सुटते. दोन-तीन प्रयत्नांत नाही सुटली तर थांबा, नाहीतर स्टार्टर आणि गिअरबॉक्स दोन्हींवर ताण येतो.

गाडी पुरात उभी होती, चिपळूणला जुलै २०२१ मध्ये राहिल्या तशी, तर हा प्रयोग करूच नका. इंजिनात पाणी असू शकतं, आणि बेल हाउसिंगमध्ये गाळ असतो. गाडी टो करून न्यायची.

तेल कुठून येतंय

बेल हाउसिंगच्या तळाशी बारीक फट किंवा छिद्र असतं. तिथे थेंब असेल तर प्लेटवर तेल येत असण्याची शक्यता आहे. पण सीलला दोष देण्याआधी वरून खाली बघत या. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाचं वरचं झाकण) गॅस्केटमधून गळलेलं तेल इंजिनाच्या मागून ओघळत नेमकं तिथेच येऊन थांबतं. सगळं पुसून कोरडं करा, रात्रभर खाली पुठ्ठा टाका, सकाळी बघा. काळं, पातळ असेल तर इंजिन ऑइल. घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑइल. यावरून क्रँकचं (इंजिनाचा मुख्य फिरता शाफ्ट) मागचं सील की गिअरबॉक्सच्या शाफ्टचं, ते गिअरबॉक्स न उतरवता कळतं.

क्रँकचं सील बदलूनही ते पुन्हा गळत असेल तर इंजिनातला दाब बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी आणि पीसीव्ही वाल्व बघा. ते तुंबले की क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि नव्या सीलमधूनही तेल बाहेर ढकललं जातं.

इथे हात थांबवा

इथपर्यंत दोष सापडला नसेल तर पुढचं सगळं गिअरबॉक्सच्या आत आहे. घरी जॅकवर गाडी चढवून गिअरबॉक्स उतरवू नका. ते वजन अंगावर आलं तर जिवाशी गाठ आहे. क्लच जळल्याचा वास सतत येतोय, पेडल दाबल्यावर धातूचा कडकड आवाज येतोय, किंवा टाकीतलं फ्लुइड उतरतंय, तर वरच्या तपासण्याही सोडा आणि मेकॅनिकला बोलवा. केबल घाटात तुटली तर क्लचशिवाय गिअर टाकत गाडी उतरवायची खटपट नको.

गिअरबॉक्स उतरणारच असेल तर तेव्हा गॅरेजात हजर राहा आणि जुनी प्लेट हातात घ्या. रिव्हेटपर्यंत सारखी झिजलेली असेल तर तिने आपलं काम केलंय. चकाकणारी, तेलकट असेल तर सील. भरपूर जाडी शिल्लक असून मधला हब फाटला असेल तर गिअरबॉक्स सरळ बसलेला नव्हता: इंजिन आणि गिअरबॉक्स नेमके जुळवणाऱ्या डॉवेल पिना हरवल्या आहेत का विचारा, किंवा मागच्या वेळी चढवताना त्याचा भार शाफ्टवर लटकला होता. प्लेटमधल्या डॅम्पर स्प्रिंगचा तुकडा तुटला असेल तर तो मध्ये अडकून क्लच कधी सुटतो, कधी नाही. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चिरा असतील तर त्याचंही काम करून घ्या, नाहीतर नवी प्लेट पहिल्या दिवसापासून थरथरेल. फोर्क वाकलाय का, रिलीज शाफ्टचे बुश ढिले आहेत का, गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या दात्यांवर, म्हणजे स्प्लाइनवर प्लेट मोकळी सरकते का, हे बंद करण्याआधी बघून घ्या. स्प्लाइनला ग्रीस अगदी बोटावर येईल एवढंच. जास्त लावलं तर ते उडून प्लेटवर बसतं.

प्लेटची बाजू उलटी लागली तर क्लच सुटतच नाही, म्हणून गाडी ताब्यात घेण्याआधी गॅरेजच्या दारातच रिव्हर्सची चाचणी करा. अर्थ वायर लागली आहे का ते स्वतः बघा. प्ले मोजून तारखेसह लिहून ठेवा, आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा मोजा. नवी प्लेट बसताना प्ले थोडा कमी होतो. वाढलेला दिसला तर गाडी त्याच गॅरेजात परत न्या आणि केबल, पत्रा, फोर्क या क्रमाने बघायला सांगा.